चार बोटांची जागा: स्पर्श टाळणाऱ्या एका कुत्रीचं प्रकरण

(नावं बदलली आहेत. कुटुंबाच्या परवानगीने लिहिलं आहे.)

पार्श्वभूमी

ठमी चार वर्षांची. मध्यम चणीची, आखूड केसांची, तांबूस रंगाची कुत्री. दोन वर्षांची असताना ती निवारागृहातून या घरात आली. त्याआधी तिच्या वाट्याला काय आलं होतं ते कोणालाच माहीत नव्हतं. घरात चौघं: ताई, त्यांचे यजमान, अकरा वर्षांचा मुलगा आणि आजी.

ठमी पहिल्यापासून हळवी. दार आपटलं, फुगा फुटला, ढग गडगडले की ती टेबलाखाली अंग चोरून बसायची. घरच्यांना याची सवय झाली होती. मला बोलावणं आलं ते गेल्या आठ महिन्यांत जे घडत गेलं त्यासाठी. आधी ती हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) घालताना मान फिरवायला लागली, मग गुरगुरायला. झोपेत कोणाचा पाय लागला तर ताडकन उठायची. शेवटी एका वादळी संध्याकाळी ती थरथरत होती म्हणून मुलाने तिला मिठी मारली आणि तिने त्याच्या हातावर तोंड टाकलं. दात लागले नाहीत, पण घर हादरलं.

मधल्या काळात घरचे हातावर हात ठेवून बसले नव्हते. व्हिडिओ बघून ताई रोज रात्री वीस मिनिटं ठमीला मालिश करत होत्या. मानेपासून शेपटीपर्यंत, दोन्ही तळहातांनी, अगदी मनापासून. त्यांची तक्रार अशी की रोज इतकं करूनही ही दिवसेंदिवस लांबच जाते आहे.

मी कुत्र्यांच्या वर्तनावर काम करते आणि त्यात हलक्या स्पर्शाच्या पद्धतीही वापरते. मी पशुवैद्य नाही. हे आधीच सांगते, कारण पुढे मी जी चूक केली तिची सुरुवात या सीमेवरच झाली.

अडचण

पहिल्या भेटीत मी ठमीला हात लावला नाही. चाळीस मिनिटं जमिनीवर बसून, तिच्याकडे पाठ करून, घरच्यांशी बोलत राहिले. मग मुलाने मोबाइलवर मालिशचा एक व्हिडिओ दाखवला. ठमी बसलेली, ताईंचे हात पाठीवर. ठमी नाक चाटते, तोंड बाजूला वळवते, जांभई देते, पुढचा एक पाय किंचित उचलते. डोळ्याच्या कडेला पांढरं दिसतं. मग ती अगदी स्थिर होते.

"मावशी, ती हलत नाहीये म्हणजे तिला आवडतंय ना?" मुलाने विचारलं.

सगळं प्रकरण या एका प्रश्नात होतं. ठमी गेले कित्येक महिने रोज वीस मिनिटं 'नको' म्हणत होती, फक्त दबक्या आवाजात. नॉर्वेच्या श्वानप्रशिक्षक तुरिद रुगास यांनी जांभई, नाक चाटणं, मान वळवणं अशा खुणांची नोंद करून त्यांना शांतवण्याचे संकेत म्हटलं. त्यांच्या प्रत्येक अर्थाशी मी सहमत नाही. जांभई कधी नुसती झोपेचीही असते. पण चार-पाच खुणा एकामागून एक, आणि त्याही हात पाठीवर असतानाच दिसल्या, तर त्यांकडे काणाडोळा करता येत नाही. दबक्या आवाजातलं 'नको' कोणी ऐकत नाही असं कळल्यावर ठमीने आवाज चढवला, इतकंच.

तेव्हा घरच्यांना हवं होतं 'योग्य मालिश' शिकणं, आणि माझ्यासमोरचा प्रश्न होता की मुळात स्पर्श आत्ता हवा का.

कोणते पर्याय होते

लगेच स्पर्शाची पद्धत शिकवायची, हा एक. घरचे त्यासाठीच थांबले होते आणि मलाही तेच येत होतं. मोह होताच.

दुसरा, आधी पशुवैद्य. अचानक बदललेल्या वागण्यामागे दुखणं नाही ना, हे बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही.

तिसरा, काही दिवस स्पर्शाला पूर्ण सुट्टी. हार्नेससुद्धा नाही. गळ्यातला पट्टा आणि लांब दोरी, फिरणं अंगणापुरतं.

चौथा, अंगाला घट्ट बसणारं जाकीट किंवा पट्टी. वादळी पावसाचे दिवस जवळ येत होते आणि ताईंनी ते जाकीट कोणाकडे तरी पाहिलं होतं. स्वतः ऑटिझम असलेल्या अमेरिकन पशुवर्तनतज्ज्ञ टेंपल ग्रँडिन यांनी स्वतःच्या अस्वस्थतेवर उपाय म्हणून दोन्ही बाजूंनी अंग आवळणारं यंत्र बनवलं होतं. सर्वांगावर सारखा, स्थिर दाब पडला की मज्जासंस्था निवते, ही त्यामागची कल्पना. काही कुत्र्यांना अशा जाकिटाने फरक पडतो, काहींना मुळीच नाही. पुरावा तुटपुंजा आहे.

भीतीवरच्या औषधाचा विषयही मीच काढला. यजमानांनी तो तिथेच थांबवला: "औषधं नकोत, म्हणून तर तुम्हाला बोलावलं." तेव्हा मी वाद घातला नाही.

आम्ही दुसरा आणि तिसरा पर्याय एकत्र घेतला. पहिल्या आठवड्यात पशुवैद्य झाले. डॉक्टरांनी अंग चाचपलं, सांधे हलवून पाहिले, कान-दात-पोट तपासलं. काही सापडलं नाही. मी सुटकेचा श्वास टाकला. तो मी फार लवकर टाकला होता.

काय केलं

सात दिवस कोणीही आपणहून ठमीला हात लावायचा नाही. ती जवळ आली तर बोलायचं, खाऊ जमिनीवर टाकायचा, हात स्वतःच्या मांडीवर. मुलाला हे सर्वांत जड गेलं. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "ती माझ्याकडे बघायला लागलीय." आधी ती त्याच्या हाताकडे बघायची.

या आठवड्यात एक गोष्ट लक्षात आली, खरं तर आधीच यायला हवी होती. ठमी झोपायला आजींजवळ जायची. आजींनी तिला कधी कुरवाळलं नव्हतं, कुत्र्यांची त्यांना फारशी आवडच नव्हती. त्या खुर्चीत बसून वाचायच्या आणि ठमी त्यांच्या पायाला पाठ टेकून पडायची. कोण कोणाला शिवतंय हे ठरवायचा हक्क त्या खोलीत फक्त ठमीकडे होता. मी आजींना सांगितलं, तुम्ही काहीही बदलू नका. त्या म्हणाल्या, "मी काही करतच नाही गं." तेच तर.

आठव्या दिवसापासून तीन सेकंदांचा नियम. ठमी जवळ आली की हाताची मागची बाजू तिच्या छातीला किंवा खांद्याला टेकवायची, तीन मोजायचे, हात उचलायचा आणि थांबायचं. ती टेकली, सरकून जवळ आली, हाताला नाक लावलं तर पुन्हा तीन. नुसती उभी राहिली तर तो नकार समजायचा. हो की नाही कळत नसेल तर नाहीच. डोक्यावरून हात आणायचा नाही. वरून आलेला हात, पंजा धरणं, दाबून ठेवणं यांनी बऱ्याच कुत्र्यांना अवघडल्यासारखं होतं. छातीवर आणि बाजूने आलेला हात त्यांना तुलनेने सोसतो.

आपल्याकडे स्पर्शाला किती शब्द आहेत: थोपटणं, कुरवाळणं, गोंजारणं, चोळणं, खाजवणं, चेपणं. घरच्यांनी ठमीवर यातले सगळे करून पाहिले होते. थोपटलेलं तिला अजिबात खपत नाही, असं आता दिसलं. खाजवलेलं छातीपुरतं चालतं. सर्वांत आवडतं ते यातल्या कशातच बसत नाही: हात टेकवून तसाच ठेवणं.

हा पाया जमल्यावर मी वर्तुळं शिकवली. ही टीटच नावाने ओळखली जाणारी पद्धत. घोड्यांवर काम करणाऱ्या लिंडा टेलिंग्टन-जोन्स यांनी ती विकसित केली. 1975 साली त्यांनी माणसांच्या शरीराच्या हालचालींवर काम करणारे मोशे फेल्डेनक्राइस यांच्याकडे शिकायला सुरुवात केली. सवयीबाहेरच्या हलक्या, लहान हालचालींनी शरीराला स्वतःची नव्याने जाणीव होते, हा फेल्डेनक्राइस यांचा विचार त्यांनी प्राण्यांकडे नेला. करायचं असतं ते असं: बोटांच्या टोकांनी कातडी हलवायची, बोटं केसांवरून घसरू द्यायची नाहीत. घड्याळाची तबकडी डोळ्यांसमोर आणायची, सहाच्या आकड्यापासून निघून पूर्ण फेरा आणि वर पाव. सव्वा फेरा झाला की थांबायचं, हात उचलून दुसरीकडे ठेवायचा. दाब एक ते दहाच्या पट्टीवर मोजतात. एक म्हणजे मिटलेल्या पापणीवरची कातडी जेमतेम हलेल इतका. ताईंना मी आधी स्वतःच्या पापणीवर करायला लावलं. त्या म्हणाल्या, "एवढंच? मग मी आजवर काय करत होते!"

वर्तुळ सव्वाच का, याचं पटेल असं शास्त्रीय उत्तर माझ्याकडे नाही. माझा अंदाज असा की सव्वा मोजताना माणसाचं लक्ष हातात राहतं आणि वेग आपोआप कमी होतो. तो वेग महत्त्वाचा आहे. माणसांवरच्या प्रयोगांत असं आढळलं आहे की केसाळ त्वचेतले काही खास मज्जातंतू सेकंदाला सुमारे 1 ते 10 सेंटिमीटर अशा संथ स्पर्शाला सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि असा स्पर्श सुखद वाटतो. कुत्र्यांबाबत रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांच्याकडे काम केलेले अमेरिकन संशोधक हॉर्सली गँट यांनी गेल्या शतकातच दाखवलं होतं की माणसाने कुरवाळल्यावर कुत्र्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात. पण माणूस ओळखीचा आहे का, कुठे कुरवाळलं, कसं, याने फरक पडतो.

चौथ्या आठवड्यात मी चुकले. पावसाची वर्दी आली होती, ताई काळजीत होत्या, आणि मी पिशवीतून लवचिक पट्टी काढली. छातीवरून घेऊन पाठीवर तिढा देत हलकीशी बांधली. ठमी दगडासारखी उभी राहिली. "बघा किती शांत झाली!" यजमान म्हणाले. खरं सांगायचं तर मिनिटभर मलाही तसंच वाटलं. मग मी तिच्या नाकासमोर तिचा आवडता खाऊ धरला. तिने डोळेही हलवले नाहीत. श्वास उथळ, कान मागे चिकटलेले. ती शांत नव्हती, गोठली होती. पट्टी सोडताच ती अंग झाडून टेबलाखाली गेली ती तासभर बाहेर आली नाही. पुढचे काही दिवस मी पिशवीत हात घातला की ती खोलीतून निघून जायची.

व्हिडिओ बघून मुलाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी त्याला समजावून सांगितलं होतं. तीच चूक तीन आठवड्यांनी मी स्वतः केली. आता मी कसोटी साधी ठेवते: कुत्रा चालू शकतो, हुंगू शकतो, खाऊ शकतो, तर तो शांत असू शकतो. यातलं काहीच करत नसेल तर तो अडकलेला आहे आणि जे अंगावर आहे ते काढायचं.

या धक्क्यानंतर आम्ही मागे आलो, पुन्हा तीन सेकंदांवर. मुलाला काहीतरी काम हवं म्हणून मी त्याला वहीत ठमीची बाह्याकृती काढायला सांगितली, डावी बाजू आणि उजवी बाजू. रोज जिथे हात टेकवला तिथे ती टेकली तर हिरवा ठिपका, नुसती उभी राहिली तर पिवळा, निघून गेली तर लाल. हे मी त्याला गुंतवून ठेवायला दिलं होतं, दुसरा काही हेतू नव्हता. सहाव्या आठवड्यात वही उघडली तर छाती, खांदे, मान हिरवीगार. डाव्या बाजूला मागे थोडं पिवळं. उजवीकडे शेवटच्या बरगडीमागे, कण्यापासून माकडहाडाच्या दिशेने चार बोटं रुंदीची जागा, तिथे फक्त लाल.

घाबरट कुत्र्याचा नकार असा नकाशावर बोट ठेवून दाखवता येत नाही. तो खोलीनुसार, माणसानुसार, आवाजानुसार बदलतो. इथे वेगवेगळ्या माणसांचे हात होते, वेगवेगळ्या वेळा होत्या, आणि जागा एकच.

मग मी हातांऐवजी पायांकडे बघायला लागले. ठमी बसताना मागचे पाय एका बाजूला टाकायची. उठताना पुढच्या पायांवर जोर. जिना चढताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलायची. घरच्यांना ते गोड वाटायचं. आम्ही तीन छोटे व्हिडिओ काढले आणि वहीचं ते पान घेऊन डॉक्टरांकडे पुन्हा गेलो. या वेळी गुंगी देऊन एक्स-रे काढले. खुब्याचे सांधे झिजलेले, उजवा जास्त.

पहिल्या तपासणीत हे का सुटलं? दवाखान्यात ताणलेलं कुत्रं दुखणं सहसा दाखवत नाही, सगळं अंगच ताठ असतं. पण दोष माझाही होता. पहिल्या वेळी मी सोबत दिलेल्या चिठ्ठीत 'भित्रा स्वभाव, शारीरिक कारण नाही याची खात्री हवी' असं लिहिलं होतं. म्हणजे मी उत्तर आधीच लिहून प्रश्न विचारला होता.

डॉक्टरांनी तीन आठवड्यांची वेदनाशामकं देऊन बघायचं ठरवलं. यजमान या वेळी काही बोलले नाहीत. (माणसांची वेदनाशामकं घरच्या घरी देऊ नयेत, त्यांतली बरीचशी कुत्र्यांना घातक ठरतात.) घसरत्या फरशीवर सतरंज्या टाकल्या, जिना बंद केला, डोक्यावरून घालायच्या हार्नेसऐवजी बाजूने उघडणारा आणला. त्या चार बोटांच्या जागेला हात लावायचा नाही असं ठरलं. वर्तुळं फक्त हिरव्या भागावर.

निष्पत्ती

औषधाच्या दुसऱ्या आठवड्यात ठमी आजींच्या पायाशी कुशीवर, उजवी बाजू वर ठेवून झोपली. ताईंनी फोन करून सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज कापरा होता. सोळाव्या आठवड्यापर्यंत तिने पुन्हा कोणावर तोंड टाकलं नाही. दोनदा गुरगुरली आणि दोन्ही वेळा समोरच्याने हात मागे घेतला. गुरगुरल्याबद्दल कोणी तिला रागावलं नाही, हे मी प्रगतीत धरते.

दार आपटण्याचा धसका बराच कमी झाला. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात आवाजाला घाबरणाऱ्या 20 कुत्र्यांची तुलना केली होती, निम्म्यांना अंगदुखी होती, निम्म्यांना नव्हती. अंगदुखी असलेल्यांमध्ये आवाजाची भीती सरासरी सुमारे चार वर्षं उशिरा सुरू झालेली दिसली. संशोधकांचा तर्क असा की दचकताना स्नायू आवळतात, दुखऱ्या सांध्यात कळ येते आणि आवाज व कळ यांची सांगड बसते. ठमी मुळातच हळवी होती, त्यामुळे तिचं सगळं यात बसत नाही. पण शेवटच्या आठ महिन्यांतला बदल बसतो.

वादळाची भीती गेलेली नाही. ती अजून टेबलाखाली जाते. डॉक्टरांनी वादळाच्या दिवसांसाठी वेगळं औषध दिलं आहे, आणि आजी आपली खुर्ची टेबलाजवळ ओढून बसतात. 'जवळ घेतलं की भीतीला खतपाणी मिळतं' असं यजमानांनी कुठेतरी ऐकलं होतं. भीती ही काही बक्षीस मिळाल्याने वाढणारी युक्ती नव्हे. ठमी आपणहून येऊन टेकत असेल तर टेकू द्यावं.

यात स्पर्शाचा वाटा किती? वेदनाशामक, सतरंज्या, नवा हार्नेस, तीन सेकंदांचा नियम हे सगळं एकमेकांत मिसळलं, त्यामुळे वेगळं काढून सांगता येणार नाही. टीटचबाबत भक्कम प्रयोग थोडे आहेत, आणि 'माझा कुत्रा शांत झाला' हे सांगणारा बहुधा मालकच असतो, ज्याला ते तसं दिसावं अशी मनापासून इच्छा असते. सव्वा वर्तुळांनी ठमी बरी झाली असं मी म्हणणार नाही. त्या वर्तुळांमुळे घरच्यांचे हात इतके सावकाश झाले की तिला कुठे दुखतं ते त्यांना सापडलं.

वेगळं काय करता आलं असतं

जिन्याचा व्हिडिओ पहिल्याच भेटीत मागायला हवा होता. मी ठमीला बसलेली पाहिली, उभी पाहिली, पण झोपेतून उठताना आणि चढताना पाहिलीच नाही. आता नव्या कुत्र्याकडे जाण्याआधी मी तीन व्हिडिओ मागवते: उठताना, चढताना, अंग झाडताना. डॉक्टरांच्या चिठ्ठीत निदान लिहीत नाही, फक्त दिसलेलं लिहिते.

पट्टी बांधायलाच नको होती असं मला वाटत नाही. घाई नको होती. ती आधी जमिनीवर पडू द्यायची, हुंगू द्यायची, मग नुसती पाठीवर ठेवून दोन पावलं चालवायचं, बांधणं सर्वांत शेवटी. पावसाची तारीख माझ्या डोक्यात होती, ठमीच्या नव्हती.

औषधाच्या बाबतीत मात्र माझं मन अजून द्विधा आहे. यजमानांनी नको म्हटल्यावर मी गप्प बसले, कारण पहिल्याच भेटीत ताणलं असतं तर कदाचित त्यांनी मला परत बोलावलं नसतं. पण त्या गप्प बसण्याची किंमत ठमीने सहा आठवडे दिली. माझ्यासोबत काम करणारी एक मैत्रीण म्हणते, स्पष्ट बोलायला हवं होतंस. दुसरी म्हणते, मग वही झालीच नसती.

नखं कापणं अजून घरी जमत नाही. मागच्या पायाला हात लागला की ठमी उठून जाते, त्यामुळे सध्या ते दवाखान्यात गुंगी देऊन होतं. मुलाने वहीत नवं पान घातलं आहे, फक्त पंजांचं. पुढच्या डाव्या पंजावर तीन हिरवे ठिपके आहेत, बाकी पान कोरं.